खुपणारी चूक आणि खरी चूक

वाचकाचा प्रश्न

एका वाचक भगिनींनी आपल्या भाचीसाठी क्विल्ट, म्हणजे गोधडीसारखे तीन थरांचे पांघरूण, शिवायला घेतला आहे. 12 इंची 30 ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोन), पाच-पाचांच्या सहा ओळी, त्यांत एकाआड एक त्रिकोणी तुकड्यांचे तारे आणि तिरक्या पट्ट्यांचे ब्लॉक, अशी त्याची मांडणी आहे. वरचा थर जोडून झाला, भराव आणि अस्तर लावून निम्म्याहून अधिक क्विल्टिंगही, म्हणजे तिन्ही थर एकत्र धरणारी टीपही, झाले. मग एके दिवशी क्विल्ट पलंगावर पसरला असता त्यांच्या लक्षात आले की पाचव्या ओळीतला पट्ट्यांचा एक ब्लॉक चुकीच्या दिशेला फिरवून जोडला गेला आहे आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरकी रेघ तेवढ्या ठिकाणी तुटते आहे. तेव्हापासून काम बंद आहे. या क्विल्टमध्ये आपण शिवले कमी आणि उसवले जास्त, असे त्या लिहितात. एका ताऱ्याची टोके जुळेनात म्हणून ती शिवण त्यांनी तीन-चार वेळा उसवली, कापडाच्या दशा निघाल्या आणि शेवटी ती ‘कशीबशी जोडून टाकली’. पती म्हणतात, कोणाला दिसणार आहे? एक मैत्रीण म्हणते की क्विल्टमध्ये एक चूक असावीच, जुने लोक ती मुद्दाम ठेवत. दुसरीचे म्हणणे असे की हाडाचा कारागीर हे असे सोडून देणार नाही. भाची दोन महिन्यांनी नोकरीसाठी परगावी निघेल. सगळे उसवावे, आहे तसेच पुढे न्यावे, की हा नाद सोडून तिला विकतची एखादी वस्तू द्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे. ‘सीम रिपर हातात घेतला की मला माझाच राग येतो,’ आणि मशीनजवळ जायचीही भीती वाटते, असेही त्यांनी लिहिले आहे. (सीम रिपर म्हणजे टाके उसवण्याचे छोटे धारदार हत्यार.)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात फिरलेल्या ब्लॉकबद्दल दीड पान आहे आणि ‘कशीबशी जोडून टाकलेल्या’ ताऱ्याबद्दल एकच ओळ आहे. मला वाटते, हे प्रमाण उलटे असायला हवे होते. फिरलेला ब्लॉक डोळ्यांना खुपतो, पण तो क्विल्टचे काहीही बिघडवणार नाही; त्याच्या शिवणी शाबूत आहेत, कापड धड आहे आणि तो दहा वर्षांनीही आजच्यासारखाच राहील. ताऱ्याच्या त्या शिवणीचे तसे नाही. जी कड तीन-चार वेळा उसवली गेली आणि जिच्या दशा निघाल्या, तिच्या आत शिवणीसाठी सोडलेले पाव इंच कापड आता पुरते उरलेले नसणार. पॅचवर्कमध्ये ही जागा मुळातच कमी असते. ती एक अष्टमांश इंचाहून कमी झाली, तर काही धुण्यांनंतर तिथली वीण सुटू लागते आणि एक दिवस तिथे भोक पडून आतला भराव दिसू लागतो. भाची हा क्विल्ट अंगावर घेईल, ओढेल, धुईल. त्यामुळे दोन महिन्यांत एकच दुरुस्ती करायची असेल तर ती या ताऱ्याची करावी, हे माझे पहिले सांगणे.

आता तुमच्या प्रश्नामागे दडलेली एक समजूत तपासू. ‘उसवावे की राहू द्यावे’ हा प्रश्न तुम्ही स्वतःच्या लायकीचा केला आहे. उसवले तर मी खरी कारागीर, राहू दिले तर मी तडजोड करणारी. हा हिशेब मला पटत नाही. प्रत्येक चुकीला विचारायचा प्रश्न वेगळा आणि बराच साधा आहे: ही चूक क्विल्टच्या टिकण्यात, सपाट पसरण्यात किंवा वापरण्यात आड येणार आहे का? वरच्या कापडाची कड टिपेत सापडलीच नसेल, अस्तराची चुणी टिपेखाली दाबली गेली असेल, मागच्या बाजूला दोऱ्याचे सैल फासे पडून त्यांत हातापायांची बोटे अडकत असतील, किंवा काठाची पट्टी लांब झाल्यामुळे कडा लाटांसारखी उठत असेल, तर उसवणे भाग आहे. याउलट त्रिकोणाचे टोक दोन धाग्यांनी बोथट झाले असेल, दोन शिवणी चौकात केसभर सरकल्या असतील किंवा एखादी टीप किंचित वाकडी गेली असेल, तर उसवण्याने कापडाचे होणारे नुकसान बहुतेक वेळा त्या दोषापेक्षा मोठे असते. सुती भराव पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटतो, त्याबरोबर सगळ्या पृष्ठभागावर बारीक सुरकुती येते आणि या जातीचे बरेचसे दोष त्या सुरकुतीत विरून जातात. इस्त्री केलेल्या, अजून न धुतलेल्या क्विल्टवर भिंग लावल्यासारखे पाहून निर्णय घेऊ नका, ते याच कारणासाठी.

ताऱ्याची दुरुस्ती तुम्ही समजता तितकी अवघड नाही आणि त्यासाठी काहीही उसवावे लागणार नाही. आधी खात्री करून घ्या. शिवणीच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून कापड हलकेच विरुद्ध दिशांना ताणा. शिवणीत दोऱ्याच्या शिडीसारख्या पायऱ्या दिसल्या, टाक्यांच्या भोकांजवळ वीण पातळ झालेली दिसली किंवा कापडाचे सुटे धागे वर डोकावले, तर शिवण कमकुवत आहे. मग त्याच कापडाचा एक नवा त्रिकोण कापा. तयार त्रिकोणाचे जे माप हवे त्याहून तो सर्व बाजूंनी पाव इंच मोठा असू द्या. त्या पाव इंचाच्या कडा आत दुमडून इस्त्रीने बसवा आणि तो जुन्या त्रिकोणावर अशा रीतीने ठेवा की त्याची दुमडलेली कड कमकुवत शिवणीच्या किंचित पलीकडे, जिथे ती मुळात यायला हवी होती नेमकी तिथे येईल. टाचण्या लावून, कापडाच्या रंगाच्या बारीक दोऱ्याने, कडेलगत न दिसणारे जवळजवळ टाके हातांनी घाला आणि शेवटी क्विल्टिंगची टीप आजूबाजूला ज्या रेषेत चालली आहे त्याच रेषेत या त्रिकोणावरूनही न्या, म्हणजे तो तिन्ही थरांना धरून राहील. यात शिवण भक्कम होते आणि जे टोक तीन-चार वेळा उसवूनही जुळले नाही, तेही जागेवर येते. एका संध्याकाळचे हे काम आहे.

आता फिरलेला ब्लॉक. तो मूळ पद्धतीने सरळ करायचा तर काय करावे लागेल ते आकड्यांत पाहा, कारण भीती नेहमी मोघम असते आणि निर्णय मात्र मोजून घ्यावा लागतो. ब्लॉकच्या चार बाजूंची मिळून 48 इंच शिवण उसवावी लागेल. टाका अडीच मिलिमीटरचा धरला तर हे जवळजवळ 490 टाके होतात. क्विल्टिंगच्या ओळींत दोन इंचांचे अंतर असेल तर त्या एका ब्लॉकवर सुमारे 72 इंच टीप आहे. तिचा टाका तीन मिलिमीटरचा धरला तर आणखी 610 टाके. म्हणजे अकराशेच्या आसपास. माणसाच्या हातून हे होण्यासारखे आहे, दोन निवांत दिवसांत होईलही. पण नंतर तो ब्लॉक फिरवून परत बसवताना चारही बाजू वरूनच, हातांनी, आंधळ्या टाक्याने जोडाव्या लागतील, कारण तीन थर एकत्र झाल्यावर मशीनखाली तिथे उलट्या बाजूने पोहोचता येत नाही. शिवाय तुमचा ब्लॉक तिरक्या पट्ट्यांचा आहे. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यात फारसे ताणत नाही, उरेब, म्हणजे तिरक्या, दिशेला मात्र लगेच ओढले जाते. त्यामुळे सुटा झालेला असा ब्लॉक बाराचा सव्वाबारा इंच व्हायला वेळ लागत नाही आणि मग तो मूळ चौकटीत चुण्यांशिवाय बसत नाही. हा मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही.

दुसरा मार्ग झाकण्याचा आहे. कापड शिल्लक असेल तर तोच ब्लॉक नव्याने शिवा, चारही कडा पाव-पाव इंच दुमडा, तो योग्य दिशेला धरून जुन्या ब्लॉकवर ठेवा आणि ताऱ्याच्या त्रिकोणासारखाच हातांनी लावून घ्या. नंतर त्यावर क्विल्टिंग करा. एकच धोका पाहायचा आहे. नव्या ब्लॉकची फिकी पट्टी जुन्याच्या गडद पट्टीवर आली तर गडद रंग खालून सावलीसारखा दिसतो, म्हणून फिक्या पट्ट्यांखाली पांढऱ्या पातळ सुती कापडाचा एक थर घालावा. तिथली जाडी जरा वाढेल, पण वापरताना ती जाणवण्याजोगी नसेल.

तिसरा मार्ग, तो तसाच राहू देण्याचा, आणि माझा कौल त्याला आहे. दोन-तीन आठवडे क्विल्टचे बाकीचे काम चालू ठेवा, तेवढ्या काळात त्या ब्लॉककडे मुद्दाम पाहू नका आणि कडेची पट्टी लावण्याआधी क्विल्ट दाराच्या उंचीवर टांगून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहा. तरीही तुमची नजर प्रत्येक वेळी तिथेच जाऊन थांबत असेल, तर झाकण्याचा मार्ग अवश्य घ्या. आपल्या हातची वस्तू आपल्याला सलत असताना दुसऱ्याला देऊ नये, हे मलाही मान्य आहे. फक्त तो निर्णय कामाच्या शेवटी, शांतपणे झालेला असावा. चूक दिसली त्या रात्रीच्या उद्वेगात तो होऊ नये.

तुमच्या पतींचे ‘कोणाला दिसणार आहे’ हे म्हणणे मायेचे आहे, पण ते तुमच्या प्रश्नाला लागू पडत नाही, कारण ती चूक तुम्हाला दिसते आणि शिवणारी तुम्ही आहात. त्यांना एवढेच सांगा की दिसण्याबद्दल नव्हे तर टिकण्याबद्दल मत हवे आहे, आणि ताऱ्याची शिवण त्यांना ताणून पाहायला लावा. मैत्रिणीने सांगितलेली मुद्दाम चूक ठेवण्याची गोष्ट फार सांगितली जाते. अमेरिकेतल्या आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या स्त्रिया नम्रतेपोटी एक ब्लॉक जाणूनबुजून चुकीचा जोडत, असे तिचे नेहमीचे रूप असते. क्विल्टच्या इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र या प्रथेला ठोस आधार सापडलेला नाही. आणि समजा आधार असता, तरी मुद्दाम केलेली चूक आणि नकळत झालेली चूक यांचे दुःख सारखे नसते, त्यामुळे ती गोष्ट तुमच्या मनाला लागली नाही यात नवल नाही. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांच्या क्विल्टांचा दाखलाही अशा वेळी दिला जातो. 2002 साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, पुढे ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेले आणि 2006 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांतल्या दहा क्विल्टांची तिकिटे काढली. त्या क्विल्टांतल्या रेषा वाकतात, पट्ट्या अर्ध्यावर तुटतात, चौकोन चौकोनी राहत नाहीत, हे खरे आहे. पण ती त्या स्त्रियांनी जुने कापड हाताशी घेऊन, शिवता शिवता केलेली रचना आहे आणि ‘बघा, त्यांचेही वाकडेच आहे’ असे म्हणणे त्यांच्या नजरेवर अन्याय करणारे आहे. त्यांच्याकडून घ्यायचे असेल तर हे घ्यावे की तुकडा कसा बसला ते पाहून पुढचा तुकडा ठरवता येतो. तुमच्या वरच्या थराला अजून भराव लागलेला नसता, तर आणखी दोन-तीन ब्लॉक फिरवून त्या तुटलेल्या रेघेची नक्षी करता आली असती. ज्या वाचकांना अशी चूक क्विल्टिंगच्या आधी सापडेल त्यांनी हा पर्याय उसवण्याआधी जरूर मांडून पाहावा.

दुसऱ्या मैत्रिणीच्या बोलण्यात एक गृहीतक आहे आणि तुम्ही ते मनाला लावून घेतले आहे असे दिसते: कुशल हातांना उसवावे लागत नाही, आणि लागले तर ते सगळे उसवतात. प्रत्यक्षात मुरलेले लोक भरपूर उसवतात, पण लवकर उसवतात. प्रत्येक शिवणीनंतर तुकडा उलटून पाहण्याची सवय हातांना लागलेली असल्यामुळे त्यांची चूक साडेतीन इंचांवर सापडते, तर नवशिक्याची संपूर्ण ओळ जोडून झाल्यावर. साडेतीन इंचांच्या शिवणीत अडीच मिलिमीटरचे पस्तीस टाके असतात. दर चौथा टाका कापला तर नऊ वेळा रिपर चालवून काम संपते. उसवणे तेच, फक्त त्याची वेळ वेगळी.

आणि आता मला तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. एकच शिवण तुम्ही तीन-चार वेळा उसवली आणि दर वेळी त्याच कापडाने, त्याच मापाने पुन्हा शिवली. टोके जुळत नव्हती ती बहुधा शिवताना हात चुकल्यामुळे नव्हे. दोष कापण्यात, शिवणीच्या रुंदीत किंवा इस्त्रीत असेल, तर उसवून पुन्हा शिवल्याने तो हटत नाही, फक्त कापड थकते. म्हणून रिपर उचलण्याआधी पट्टी उचला. दोन्ही तुकडे मोजा. तुकडाच कमी भरत असेल तर शिवणीला दोष देऊन उपयोग नाही, नवा तुकडा कापावा लागेल. तुकडे बरोबर आणि जोडलेला भाग लहान असेल, तर शिवण पाव इंचापेक्षा रुंद जाते आहे. हा फरक दिसायला क्षुल्लक असतो आणि साचत जातो: प्रत्येक शिवण फक्त एक षोडशांश इंच रुंद गेली, तर ती दोन्ही तुकड्यांकडून मिळून एक अष्टमांश इंच खाते, म्हणजे चार तुकड्यांच्या ओळीतल्या तीन शिवणींत ब्लॉक पाऊण सेंटिमीटरहून अधिक, नेमके सांगायचे तर तीन अष्टमांश इंच, आखडतो. असा ब्लॉक शेजारच्या बरोबर मापाच्या ब्लॉकला जोडताना टोके जुळणार तरी कशी?

मशीनची शिवण तपासण्याची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे आणि तिन्ही मिळून साडेतीन इंच. कमी भरली तर सुई आणि कापडाच्या कडेची खूण यांतले अंतर एक-दोन धाग्यांनी कमी करा. पाव इंचापेक्षा केसभर कमी शिवण ठेवण्याचे कारण असे की इस्त्रीने शिवण एका बाजूला वळवली की घडीतच थोडे कापड जाते. त्रिकोणांसाठी आणखी एक उपाय आहे. तयार तीन इंची चौकोनात दोन त्रिकोण हवे असतील, तर मुळात चार इंचांचे चौकोन घ्यावेत, ते कोपऱ्यातून कोपऱ्यात कापून त्रिकोण जोडावेत आणि मग तिरक्या शिवणीवर पट्टीची तिरकी रेघ ठेवून साडेतीन इंचांना छाटून घ्यावेत. थोडे कापड वाया जाते, पण उसवण्यात जाणाऱ्या कापडापेक्षा ते कमीच असते. शेजारच्या ओळींच्या शिवणी विरुद्ध दिशांना वळवून इस्त्री केल्या की चौकात त्या एकमेकींत घट्ट बसतात आणि सरकत नाहीत. इस्त्री कापडावर घासत नेऊ नये, उचलून ठेवावी. वाफेच्या इस्त्रीने घासलेला उरेब कडेचा त्रिकोण त्रिकोण राहत नाही.

एकदा उसवावे, फार तर दोनदा. त्यानंतर तो तुकडा बाजूला ठेवून नवा कापावा. हा नियम मी सगळ्याच वाचकांना सांगेन, आणि म्हणूनच क्विल्टला कडेची पट्टी लागेपर्यंत उरलेले एकही कापड कोणाला देऊन टाकू नये. कापड संपलेच असेल तर जवळच्या छटेचे घ्यावे आणि तेच आणखी एक-दोन ठिकाणी वापरावे, म्हणजे ते ठिगळ वाटत नाही.

उसवण्याच्या कृतीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण दशा निघण्याचे निम्मे कारण तिथेच असते. शिवण उघडून, दोन्ही कापडे दोन हातांनी ओढत, मध्ये ताणलेले टाके कापत जाण्याची घाईची पद्धत उरेब कापडावर अजिबात वापरू नये. तुकडा मेजावर सपाट ठेवा. रिपरला दोन टोके असतात, एक लांब अणकुचीदार आणि एक आखूड, ज्यावर बहुतेक वेळा लाल गोळी असते. धार त्या दोन टोकांच्या मधल्या खोबणीत असते. लांब टोक एका टाक्याखाली सरकवा, दोरा खोबणीपर्यंत येऊ द्या आणि रिपर जरासा वर उचला. धार चांगली असेल तर जोर लावावाच लागत नाही. तीन टाके सोडून चौथा, पुन्हा तीन सोडून चौथा, असे शेवटपर्यंत जा. मग कापड उलटा, दुसऱ्या बाजूचा दोरा चिमटीत धरा आणि हलकेच ओढा. तो एका सलग धाग्यात निघून येईल आणि दोन्ही तुकडे आपोआप सुटे होतील. मशीनच्या टाक्यात वरचा आणि बॉबिनचा (खालच्या रिळाचा) दोरा एकमेकांना अडकलेले असतात, म्हणून एका बाजूचे दोरे कापले की दुसऱ्या बाजूला धरून ठेवणारे काही राहत नाही. दोन्हींपैकी एक दोरा कापडावर सरळ रेघेसारखा पडलेला असेल तर तो ताणलेला आहे असे समजा, तोच ओढायचा. कापून राहिलेले बारीक धागे चिकटपट्टीने टिपून घ्या, विशेषतः गडद दोरा फिक्या कापडाखाली राहता कामा नये, कारण तो पुढे वरून दिसतो. नंतर कापडावर पाण्याचा हलका फवारा मारून भोकांवरून नख फिरवा आणि वरून इस्त्री ठेवा. साध्या सुती कापडाची भोके बहुतेक बुजतात, बाटिकच्या घट्ट विणीत मात्र ती अधिक काळ दिसतात. उरेब कडा पुन्हा शिवण्याआधी स्टार्च फवारून कडक करून घ्याव्यात. आणि रिपर बोथट झाला की बदलावा. लोक सुई बदलतात, पण रिपर वर्षानुवर्षे तोच वापरतात आणि बोथट पात्याला लागणारा जोर शेवटी कापडावर जातो.

चौकात टोक चुकले असेल तर पूर्ण शिवण उसवू नका. चौकाच्या दोन्ही बाजूंना एक-एक इंच पुरे असते. तेवढाच भाग हातांनी कच्चा जोडून पाहा, जुळला की मशीनची टीप मारा. क्विल्टिंगची टीप उसवताना मागच्या बाजूने टाके कापा आणि वरचा दोरा समोरून काढा, पण दोन्ही टोकांना तीन-चार इंच दोरा शिल्लक राहील एवढी टीप मोकळी करा. ती टोके सुईत ओवून, गाठ मारून, भरावात लपवावी लागतात. अगदी टाक्याशी कापलेला दोरा काही दिवसांत पुढची टीपही सोडवू लागतो.

तुमच्या रागाबद्दल. तुम्ही रिपर नेमका केव्हा हातात घेता हे आठवून पाहा. चूक बहुधा दिवसाच्या शेवटी, डोळे थकलेले असताना दिसते आणि तिथल्या तिथे, त्याच मंद उजेडात, ती निपटून टाकायची असते. त्या वेळी हात चुकतो, कापडाला छेद जातो आणि एका चुकीच्या दोन होतात. चूक दिसली की तिथे एक ठळक टाचणी लावा, त्या शिवणीवर पुढचे काही जोडू नका, आणि मशीन बंद करा. उसवण्याचे काम सकाळच्या उजेडात, शिवण्यापासून वेगळे, खुर्चीत नीट बसून करायचे. ते शिवणकामातलेच एक काम आहे, तुम्हाला झालेली शिक्षा नाही. शिवणे आणि उसवणे एकाच बैठकीत आले की प्रत्येक टाका परीक्षेसारखा वाटू लागतो, आणि मशीनजवळ जायचीच भीती वाटते असे जे तुम्ही लिहिता ते मला यातूनच आलेले दिसते. क्विल्टऐवजी विकतची वस्तू देण्याचा विचारही या थकव्याचाच आहे. निम्म्याहून अधिक क्विल्टिंग झालेला क्विल्ट सोडून देण्यासारखे काहीही त्याच्यात बिघडलेले नाही.

ताऱ्याचा त्रिकोण लावून झाला की उरलेल्या क्विल्टिंगकडे वळा, पण थेट नाही. अस्तर आणि भरावाचा एक लहान नमुना घेऊन त्यावर थोडी टीप मारा. सुई नवी घाला. साधारण आठ तास शिवल्यावर ती बदलावी, असा सर्वसाधारण सल्ला असतो. वरचा दोरा पुन्हा ओवा आणि ओवताना प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर असू द्या, कारण तो खाली असला की ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसत नाही आणि मागे फासे पडतात. मग क्विल्टवर या, आणि प्रत्येक दोन-तीन ओळींनंतर तो उलटून अस्तरावरून हात फिरवा. चुणी बोटांना डोळ्यांआधी कळते. पुढच्या क्विल्टसाठी एक सवय आतापासून लावून घ्या: ब्लॉक जोडण्याआधी ते जमिनीवर मांडून वरून फोटो काढावा आणि तो फोटो फोनवर अगदी लहान करून पाहावा. फिरलेला ब्लॉक लहान चित्रात लगेच उठून दिसतो, जो जमिनीवर गुडघे टेकून पाहताना दिसत नाही.

क्विल्ट भाचीच्या हातात देताना ‘इथे जरा चुकले आहे’ असे म्हणून त्या ब्लॉककडे बोट दाखवू नका. तुम्ही दाखवलेत तर ती पुढे कायम तीच जागा पाहील, आणि बक्षीस घेणाऱ्याने देणाऱ्याची समजूत घालत बसावे, अशी वेळ तिच्यावर येईल. तिने विचारले तर खरे ते सांगा. देण्याआधी तो एकदा स्वतः थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुऊन सपाट वाळवा, म्हणजे पहिले आटणे तुमच्या घरीच होईल, आणि नव्या त्रिकोणाची कड कुठे सुटते आहे का तेही तुम्हाला पाहता येईल. सुटली तर तेवढे चार टाके पुन्हा घालायला तुमच्याकडे अजून आठवडाभर असेल.